पिणारा टिकतो

नॉटिंगहॅमच्या बसमध्ये दर शनिवारी एक गोरी आजी माझ्या शेजारी बसायची. मांडीवर पर्स, पर्समध्ये ब्रँडीची चपटी बाटली. "घरी जाऊन त्याला पाजायचीय," म्हणायची. मला वाटायचं, नवरा असणार. अंथरुणाला खिळलेला, आणि वर बेवडा! मी आपली मनातल्या मनात हळहळायचे.

ख्रिसमसच्या आदल्या शनिवारी तिने डबा उघडला आणि मनुकांनी गच्च भरलेला, काळाभोर केकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "हाच तो! ऑक्टोबरमध्ये भाजला, तेव्हापासून चमचा चमचा ब्रँडी पाजतेय."

मला हसू आवरेना. नवऱ्याबद्दलचा माझा समज तिला सांगितला, तर तीही डोळे पुसत हसली.

"माझा नवरा? थेंबाला शिवायचा नाही गं. गेला बिचारा लवकर. हा बघ, पितो आणि टिकतो."