मंत्री (बसूनच)

तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. कागदोपत्री ती प्रतिवेदक. सभागृहात कोण काय बोललं ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि मग वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन ते टंकायचं, एवढंच काम. पण हे ‘एवढंच’ ती सत्तावीस वर्षं करत होती आणि सत्तावीस वर्षांत तिची पेन्सिल कधी थांबली नव्हती. एकदा एका सदस्यानं रागानं पाण्याचा पेला आपटला, तो उडून तिच्या वहीवर सांडला. तिनं पान उलटलं आणि पेला आपटणाऱ्याचं पुढचं वाक्य पूर्ण केलं.

या लोकांचा एक गमतीदार रोग असतो. शब्द कानातून आत शिरतात आणि हातातून बाहेर पडतात, डोक्यात काहीही राहत नाही. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, “काय झालं आज?” नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून गप्प बसणारा, त्याला संध्याकाळी जगाची खबर हवी असायची. ती सांगायची, “मला काय माहीत? मी लिहीत होते.” मग तोच तिला रेडिओवर ऐकलेल्या बातम्या सांगायचा, आणि ती “अगंबाई, असं झालं होय!” म्हणत तोंडावर हात ठेवायची. त्यातलं निम्मं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असायचं.

आता तिच्या धाकट्या भावाबद्दल. हा गृहस्थ काकड्या आणि टोमॅटो पिकवायचा, पण दुसऱ्याच्या जमिनीवर. जमीन एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची, त्यांनी ती अकरा वर्षांपूर्वी भाड्यानं दिली आणि नंतर कधी पाहिलीही नाही. सरकारनं ठिबकच्या नळ्यांसाठी अनुदान काढलं ते जमिनीच्या कागदावर ज्याचं नाव त्याला. त्यामुळे पाणी द्यायचा भाऊ आणि अनुदानाचं पत्र यायचं डॉक्टरीणबाईंना. त्या बिचाऱ्या सज्जन होत्या. त्यांनी भावाला फोन करून विचारलं, “मला सरकारकडून अभिनंदनाचं पत्र आलंय, मी ठिबक केलंय म्हणे. ठिबक म्हणजे काय हो?” अनुदान भावाला द्यायला त्या एका पायावर तयार होत्या, पण नियमात बसत नव्हतं, नळ्या कागदावरच्या माणसानंच बसवल्या असा दाखला लागायचा, आणि खोटं लिहून द्यायला त्यांचं मन धजेना. भाऊ मग नळीला सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून बांधून दिवस काढत होता.

“ताई, तू तिथेच बसतेस ना?” तो दर वेळी विचारायचा. “सांग की त्यांना एकदा.”

“तिथल्या खुर्च्यासुद्धा माझ्यापेक्षा जास्त बोलतात. निदान करकरतात तरी.”

“मग काय उपयोग तुझा?”

भावाचं तोंड असं. पण तो चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच तिला ते लागायचं.

त्या आठवड्यात सभागृहात शेती अनुदानाचं नवं विधेयक होतं. तीन दिवस चर्चा चालली. खतावर बोलणारे बियाण्यावर घसरले, बियाण्यावर बोलणारे एकमेकांवर घसरले. एका सदस्यानं पाऊण तास शेळीवर भाषण केलं, विधेयकात शेळीचा उल्लेख नसताना. पेन्सिलबाईनं शेळीही मान खाली घालून लिहून घेतली. मान खाली घालणं हा या कामाचा पहिला नियम. वर पाहिलं की माणूस ऐकायला लागतो, आणि ऐकायला लागला की लिहायचं राहतं.

दुसरा नियम पाळीचा. दर दहा मिनिटांनी प्रतिवेदक बदलतो. नवा येऊन शेजारच्या खुर्चीवर बसतो, त्याची पेन्सिल चालू झाल्यावरच जुन्यानं उठायचं. दोन वह्यांत एक वाक्य सामाईक असलं पाहिजे, म्हणजे मध्ये फट राहत नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला पाच-सात मिनिटं होती. पत्रकारांचा सज्जा रिकामा झाला होता, अर्धे सदस्य मनानं उपाहारगृहात पोहोचले होते. बोलत होत्या त्या एक निवृत्त शिक्षिका असलेल्या सदस्या. प्रतिवेदकांना त्या फार आवडत, कारण त्या फळ्यावर लिहिल्यासारखं सावकाश बोलत. त्यांनी विचारलं, “ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला आपण देतो. पण जो भाड्यानं घेऊन कसतो, त्याचं काय?”

पेन्सिलबाईनं वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला. आणि समोरच्या बाकावरून कृषिमंत्री, उठण्याचे कष्ट न घेता, म्हणाले, “बरोबर आहे बाईंचं. कसणाऱ्यालाही देऊ. घाला त्यात.”

तिनं मान वर केली.

तिला इतका आनंद झाला की ती मंत्र्यांकडे बघतच राहिली. भावाच्या त्या ट्यूब बांधलेल्या नळ्या, त्याचं ते ‘सांग की त्यांना’, सगळं एकदम आठवलं आणि ती चक्क हसली. तेवढ्यात पुढच्या पाळीचा उंच सहकारी शेजारी येऊन बसला, त्याची पेन्सिल चालू झाली. अध्यक्ष म्हणाले, “पुढचं कलम,” आणि ती उठून, जवळजवळ तरंगतच, जिना चढली.

वरच्या खोलीत तिनं वही उघडली आणि भराभर टंकायला घेतलं. खत झालं, बियाणं झालं, शिक्षिकाबाई आल्या, “त्याचं काय?” आलं. आणि त्याखाली कोरा कागद होता.

तिनं पुढची दोन पानं उलटून पाहिली, तीही कोरी. सहकाऱ्याची वही मागून पाहिली. ती ‘पुढचं कलम’पासून सुरू होत होती. मंत्र्यांचं वाक्य बरोबर फटीत पडलं होतं. ध्वनिमुद्रणाची खोली गाठली, तर तिथंही नाही, कारण ध्वनिक्षेपक उभ्या राहिलेल्याचाच चालू होतो आणि मंत्री बसूनच बोलले होते. विधेयकावर मतदान दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळपर्यंत कामकाजाचा मजकूर खात्याकडे जाणार, त्यात जे असेल तेवढंच कलमात घातलं जाणार. जे नसेल ते कुणी बोललंच नाही.

ती परत खुर्चीवर बसली. तिनं टंकलं: ‘मंत्री (बसूनच): बरोबर आहे बाईंचं. कसणाऱ्यालाही देऊ. घाला त्यात.’

किती सोपं होतं! एक ओळ. शब्दन्‌शब्द खरी. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. तिच्या वहीवर संशय घेणारा माणूस त्या इमारतीत जन्माला यायचा होता. पण तिथला कायदा असा की वहीत आहे तेच टंकायचं, आठवणीतलं एक अक्षरही नाही. आणि फायदा कुणाचा होणार होता? तिच्या सख्ख्या भावाचा. तिनं त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. मग ती ओळ पुसली आणि मुख्य प्रतिवेदकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

मुख्य प्रतिवेदक म्हणजे शिस्तीचा पुतळा. हसले तर कामकाजात नोंद करावी लागेल अशी त्यांची ख्याती.

“साहेब, माझी पेन्सिल थांबली.”

“टोक मोडलं?”

“नाही. मंत्र्यांनी दिलेलं उत्तर माझ्याकडून राहिलं.”

साहेबांनी चष्मा काढला. “सत्तावीस वर्षांत नाही, आणि आजच का?”

“आनंद झाला म्हणून.”

साहेबांनी खणातून स्पष्टीकरणाचा छापील नमुना काढला, वरून खालपर्यंत वाचला. “आजारपण आहे. यंत्रातला बिघाड आहे. सभागृहातला गोंधळ आहे. आनंद यात नाही, बाई.”

“मग ‘इतर’मध्ये लिहा.”

तिनं भावाचंही सांगून टाकलं, एका दमात, आडपडदा न ठेवता. साहेबांनी नमुना बाजूला सरकवला आणि अध्यक्षांच्या कार्यालयात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या दालनात पाच माणसं जमली. अध्यक्ष, कृषिमंत्री, शिक्षिकाबाई, मुख्य प्रतिवेदक आणि दाराजवळ उभी पेन्सिलबाई. खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही.

“ते हो म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं,” शिक्षिकाबाई म्हणाल्या.

मंत्री मोठे खुशालचेंडू गृहस्थ होते. “अहो बाई, मी दिवसातून चाळीसदा हो म्हणतो. बायकोला वीसदा, तुम्हा लोकांना वीसदा. त्यातला हा कुठला हो, मला खरंच आठवत नाही. आणि लिहिलेलं तर काही नाही म्हणता. मग खात्याला काय दाखवू?”

अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं. “तुम्ही ऐकलंत?”

“हो, साहेब. पण आधी हे सांगते की माझा भाऊ भाड्याच्या जमिनीवर शेती करतो. ठरवताना ते लक्षात घ्या.”

मंत्र्यांच्या भुवया वर गेल्या. “घ्या! मग तर प्रश्नच मिटला. भावासाठी बहीण काय वाटेल ते ऐकेल.”

ती लालबुंद झाली. तिला राग आला, आणि राग आला म्हणून आवाज सापडला. एरवी ती लिहिलेलं सगळं विसरायची. पण ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट हातातून बाहेर पडली नव्हती, त्यामुळे ती डोक्यात तशीच्या तशी बसली होती. टंकलेला मजकूर वाचून दाखवताना लावायची तशी सपाट पट्टी तिनं लावली आणि सुरू केलं.

“सदस्या: पण जो भाड्यानं घेऊन कसतो, त्याचं काय? मंत्री, बसूनच: बरोबर आहे बाईंचं. कसणाऱ्यालाही देऊ. घाला त्यात. मंत्री, शेजारच्या मंत्र्यांना, हळू आवाजात: हा डावा बूट जीव घेतोय. बायकोनं आणला, घातला नाही तर घरात घेणार नाही. लवकर आटपलं नाही तर बाकाखाली काढून ठेवीन. अध्यक्ष: पुढचं कलम.”

सगळ्यांच्या नजरा हळूच खाली गेल्या. मंत्र्यांच्या पायांत जुने, टाचा झिजलेले, मऊ बूट होते.

आधी हसू फुटलं ते मुख्य प्रतिवेदकांना. त्यांनी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शिक्षिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मंत्री? ते पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “हे मी त्याच्या कानात बोललो होतो हो! कानात!” डोळे पुसत ते म्हणाले. “बरं. बूट ऐकलात त्याअर्थी कसणाराही ऐकलात. बुटाचं तेवढं कामकाजात घेऊ नका. कसणाऱ्याचं घ्या. मी दुपारी उभा राहून बोलतो.”

पेन्सिलबाईचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर ती आधी जिन्याच्या पायरीवर बसली. मुख्य प्रतिवेदक शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “स्पष्टीकरण मात्र द्यावं लागेल हं.” तिनं ते तिथेच गुडघ्यावर लिहून दिलं.

दुपारी पाळी तिचीच होती. पाळ्यांचा तक्ता मुख्य प्रतिवेदक लावतात, त्यांनी तो तसा लावला होता की योगायोग होता, हे तिनं विचारलं नाही. मंत्री उभे राहिले. ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा लागला. कलमातली दुरुस्ती त्यांनी सावकाश वाचली: जमीन कसणारी व्यक्ती, मग ती भाड्यानं कसत असली तरी, अनुदानास पात्र राहील. तिनं मान खाली ठेवली. पेन्सिल चालत राहिली.

मग मंत्री म्हणाले, “अध्यक्ष महोदय, हा शब्द मी काल बसून दिला होता आणि साफ विसरलो होतो. आपल्या सभागृहातल्या एका प्रतिवेदकबाईंनी तो जपून ठेवला, आणि स्वतःची चूक स्वतः सांगून मला परत दिला. मी त्यांचे मनापासून आभार मानतो.” सगळीकडून बाकं वाजली. आपल्यासाठी वाजलेली ती बाकं तिनं नोंदली: ‘(बाके वाजवतात)’.

अध्यक्ष म्हणाले, “भावना योग्य आहे. पण सभागृहाच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख कामकाजात येत नाही, अशी आपली प्रथा आहे. तो वगळण्यात यावा.”

तिनं तेही लिहून घेतलं. मतदान झालं, दुरुस्ती मंजूर झाली.

वरच्या खोलीत तिनं सगळं टंकलं. कलमाचा मजकूर दोनदा तपासला. मग सत्तावीस वर्षांतलं तिच्याबद्दलचं एकुलतं एक वाक्य पडद्यावर होतं. तिनं ते एकदा मनात वाचलं, एकदा खोलीत कुणी नाही असं पाहून मोठ्यानं वाचलं. वाईट वाटलं. अगदी थोडं, पण वाटलं. नंतर ते काढून तिथं नियमाप्रमाणे ‘(वगळण्यात आले)’ असं टंकलं आणि कागद छपाईला पाठवून दिले.

घरी पोहोचून चहा होतो न होतो तोच भावाचा फोन. “ताई, ऐकलंस का? रेडिओवर सांगितलं! कसणाऱ्यालाही मिळणार! मंत्री स्वतःहून बोलला म्हणे. माणूस मोठ्या मनाचा हं.”

“चांगलाच आहे माणूस,” ती म्हणाली.

“नाहीतर तू! इतकी वर्षं त्याच्यासमोर बसतेस, तोंडातून एक शब्द काढला नाहीस कधी.”

नवऱ्याला तिनं आल्या आल्या सगळं सांगितलं होतं; आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं. तो आता भिंग हातात धरून भावाला दोन शब्द ऐकवायला पुढे सरसावला. तिनं हातानंच त्याला थांबवलं. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते.

“अरे, तो अर्ज आता भर लगेच,” ती फोनवर म्हणाली. “आणि नाव तुझं घाल. नीट, मोठ्या अक्षरात.”