थेंबामागचा लाल रंग

खिडकीवरचे थेंब टिपायचे तर मोबाईल काचेजवळ न्यायचा, पडद्यावर थेंबाला बोट लावायचं आणि श्वास रोखायचा. थेंब लख्ख येतो, मागचा रस्ता, माणसं, सगळं धुरकट. हे मला कुणी शिकवलं नाही. पनवेलच्या पावसात तीन दिवस घरात अडकलं की माणूस आपोआप शिकतो.

बाबा माझ्या मागे येऊन उभे होते. आई गेल्यापासून त्यांचं विसरणं वाढलंय. डॉक्टरांनी बजावलंय, एकटं सोडायचं नाही. पण त्या दुपारी त्यांचा पांढरा सदरा सारखा काचेत दिसत होता, आणि माझा स्वभाव मुळातच तिरसट. "बाबा, बाजूला व्हा ना जरा! अजून. अहो, अजून!" झाले बिचारे. मी वळूनही पाहिलं नाही.

पुढे दहा-बारा फोटो काढले. एकात थेंबांच्या मागे असा काही लाल रंग उतरला होता, की मीच म्हटलं, वा गं वा! लगेच पुण्याच्या ताईला पाठवला. "लाल काय सुरेख आलंय! फूल आहे का?" तिने विचारलं. मी तोऱ्यात लिहिलं, "कला आहे ती, कला."

मग चहा टाकला आणि बाबांना हाक मारली. ओ नाही. बेडरूम पाहिली, बाथरूम पाहिलं, पलंगाखालीसुद्धा वाकले, मूर्खासारखी. दाराची वरची कडी लावलेलीच नव्हती. कामवाल्या मावशी गेल्या की ती मीच लावते, आणि आज मीच विसरले होते. कोपऱ्यातली आईची छत्रीही जागेवर नव्हती. तशीच जिना उतरले.

खाली वॉचमन म्हणाला, "मी नाय बगितले मॅडम, पंपाकडं होतो."

गेटमधून डावीकडे बाजार, उजवीकडे गाढी नदीचा पूल. पाणी पुलाला लागलंय, अशी सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून ओरड चालली होती. एकीकडे धावले आणि ते दुसरीकडे असले तर? तेवढ्यात आठवलं. आईची छत्री लाल होती.

ओल्या बोटांना मोबाईल दाद देईना. ओढणीला बोटं पुसपुसून फोटो उघडले. एकात लाल ठिपका गेटपाशी. पुढच्यात मेडिकलसमोर. ताईला पाठवलेल्या फोटोत अगदी उजव्या कडेला, पुलाच्या वाटेवर. माझा बाप माझ्या डोळ्यांसमोरून चालत गेला होता आणि मी थेंब बघत बसले होते.

मी धावत सुटले. चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. देवा, एवढ्या वेळेला सांभाळ, पुन्हा त्यांच्यावर आवाज चढवणार नाही, असं म्हणत होते. पुलाच्या अलीकडे रस्ताच दिसत नव्हता, नुसतं गढूळ पाणी. त्याच्या कडेला, घोटाभर पाण्यात, भिंतीला अगदी चिकटून बाबा उभे होते. छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

मी दंड पकडला आणि किंचाळलेच, "कुठे निघाला होतात?"

ते घाबरले. पाण्याला नाही, मला.

"तूच म्हणालीस ना, अजून बाजूला व्हा," ते हळूच म्हणाले. "आता नाही ना गं येत मी फोटोत?"