फाटक्या कानाचा मेंढा

देखणेपणावर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. सिन्नरच्या पलीकडं त्यांच्या मेंढ्या. गावठी मेंढीला बाहेरच्या जातीचा मेंढा लावायचा, होणारं कोकरू लवकर भरलं पाहिजे आणि मटण मऊ निघालं पाहिजे, या एका ध्यासापायी गृहस्थानं उमेदीची वर्षं घातली. मेंढा निवडताना ते मेंढ्याकडं बघतच नसत. "बापाला काय बघायचं, पाव्हणं? पोरं बघा," म्हणायचे आणि कोकरू झोळीत घालून काट्याला टांगायचे. ही खोड माणसांपर्यंत पोचलेली. दिवाळीला गळाभेट घेतली की त्यांचा अंगठा माझ्या पाठीच्या कण्यावरून फिरलाच म्हणून समजा. "पाठ भरली नाय अजून," एवढं बोलून फराळाला बसायचे. एका हळदीच्या जेवणात मटणाचा पहिला घास घेऊन ते "याचा बाप चांगला होता" म्हणाले, तेव्हा शेजारी बसलेले नवरदेवाचे वडील चपापले.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते नाशिकला गेले आणि आठवडाभर मेंढ्या माझ्यावर सोपवल्या. मी नुकताच निवृत्त, हौस दांडगी. "दोनातला एक मेंढा खाटकाला द्यायचाय, तेवढा देऊन टाका," म्हणाले. कोणता ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी शहाण्यानं विचारलंही नाही. एक मेंढा रुबाबदार, रुंद छातीचा. येणारा-जाणारा त्याच्यासोबत फोटो काढायचा. दुसरा किडकिडीत, फाटक्या कानाचा. मी फाटक्या कानाचा दिला. अहो, कुणीही तोच दिला असता.

साडू परतले ते काळा चष्मा लावून थेट गोठ्यात. रुबाबदार मेंढ्यापाशी थबकले. फाटक्या कानाच्या मेंढ्याचीच कोकरं तीन महिन्यांत भरायची आणि या देखण्याची नुसती उंच व्हायची, हे मला तेव्हा कळलं. आणि फाटक्या कानाच्याचं एकही नर कोकरू मागं ठेवलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या पारखीतून हाती लागलेला मेंढा मी दुपारच्या चहाआधी खाटकाला देऊन बसलो होतो. वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ऊन लय हे. आत चला, पाव्हणं."

यंदाची कोकरं हलकी निघाली. पारावर कुणीतरी विचारलं, तर साडू सहज म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं, फाटक्या कानाचा द्या म्हणून. माझीच पारख चुकली." ज्याची गावातली सगळी इभ्रत त्या पारखीवर, तो माणूस चारचौघांत असं बोलला. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.