धातूचा वार

उरला या कारखान्यांच्या भागाकडून तापलेल्या लोखंडाचा वास आला, की आमचे कुंग फूचे सर आठवतात. तिथल्या रोलिंग मिलमधली पाळी संपवून ते आमच्या समता कॉलनीत शिकवायला यायचे. धातू, पाणी, लाकूड, अग्नी, माती या चिनी पंचतत्त्वांचे पाच वार होते; त्यातला धातूचा वार ते कुऱ्हाडीसारखा वरून खाली आणायचे. एकदा दुसऱ्या शैलीचा व्हिडिओ पाहून मी सगळ्यांसमोर म्हणालो, “सर, धातूचा वार असा नसतोच. तुम्ही चुकीचं शिकवून राहिले.” सर हसले. “हव? त्या शैलीत तसा नसन. दाखव, मले बी शिकू दे.” आणि ते पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. मी दाखवला तसा वार त्यांनी मन लावून केला आणि शेवटी, शिष्यानं करावा तसा, मला वाकून नमस्कार केला. दोन्ही वार आपापल्या शैलीत बरोबर होते, हे आता कळतं. तेव्हा तो नमस्कार मी ताठ मानेनं घेतला होता.