सातवीच्या वरच्या मुलींना खिरापत नाही

गणपती बुडवून लोक घरी आले, एक दिवस गेला, आणि आमच्या गल्लीच्या महिलांच्या ग्रुपवर मेसेज पडला. वर गुलाबाची फुलं, खाली जोडलेले हात, आणि मधे हे: यावर्षी भुलाबाईला घरोघर फक्त सातवीपर्यंतच्या मुलींनी यावे. सातवीच्या वरच्या मुलींना खिरापत मिळणार नाही. कृपया सहकार्य करावे.

मेसेज समोरच्या काकूंचा होता. त्याखाली अंगठेच अंगठे. त्यात माझ्या आईचाही अंगठा होता.

माझी धाकटी बहीण नववीत होती.

ज्यांच्याकडे भुलाबाई बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडतात. संध्याकाळी सगळ्या मिळून एकेकीच्या घरी जायचं, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा आणते, कानाशी हलवते आणि विचारते, ओळखा. गोड का तिखट? आंबट का तुरट? ओळखलं तर खिरापत, नाही ओळखलं तर ‘हरलो’ म्हणायचं, तरी खिरापत. गाणं मात्र पुरं व्हायलाच पाहिजे. अर्ध्या गाण्यावर डबा उघडत नाही.

या गाण्यांना एक पुढे म्हणणारी लागते. ती ओळ सोडते, बाकीच्या उचलतात. पुढे म्हणणारी ही नेहमी सगळ्यात मोठी असते, कारण तिलाच सगळं पाठ असतं. माझी बहीण पहिलीपासून मागे उभी राहून ओळी उचलत आली होती. तिच्या पुढची मुलगी या उन्हाळ्यात बारावीला गेली आणि क्लाससाठी अकोल्याला राहायला गेली. म्हणजे यंदा पाळी बहिणीची होती. तिनं उन्हाळ्यापासून टिपऱ्यांना रंगीत लोकर गुंडाळून ठेवली होती. आणि नेमकी यंदाच अट.

मला स्वतःला ती गाणी येत नाहीत. मी सहावीतच कंटाळून सोडली होती. पण भांडायला गाणं यावं लागत नाही. मुलींच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका गटात मी आहे. आम्ही परचे लिहितो, छापतो, आणि एसटीनं डोणगाव, सुलतानपूर असं फिरून वाटतो. मुली शाळा का सोडतात, लग्नाचं वय काय, असले विषय. तालुकाभर लोकांना शहाणं करत फिरायचं आणि स्वतःच्या दारासमोर ही अट. मी चप्पल घातली आणि समोर गेले.

“काकू, हे सातवीचं काय लावलं?”

“मी एकटीनं थोडीच ठरवलं वं? टेलरच्या घरच्या भाभीले विचार. तिनंच काढलं, पोट्ट्या मोठ्या झाल्या म्हणून.”

मी भाभीकडे गेले. त्यांचं दुकान खाली, घर वर. भाभी गल्लीतल्या मुलींना वर बोलावून खिरापत देतात, त्यांच्याकडे भुलाबाई नसली तरी. ईदला माझी बहीण त्यांच्याकडे जाते, ईदी घेऊन येते. तिथं आजवर कोणी कितवीत आहेस म्हणून विचारलं नाही.

“मैं?” भाभी म्हणाल्या. “मैंने इत्ताच बोला कि बच्चियाँ बड़ी हो गई माशाअल्ला, इस साल चिवड़ा ज़्यादा बनाना पड़ता.”

“मग अंगठा काऊन टाकला?”

“तेरी मम्मी का देखी, तो मैंने भी डाल दी.”

मी घरी आले. आई भाकरी थापत होती.

“तू काऊन टाकला अंगठा?”

“ते समोर राह्यते माय. रोज तोंड पाहा लागते. तुले काय, तू उद्या परचे घेऊन डोणगावले जाशीन.”

भुलाबाईच्या एका गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते सासऱ्याला विचार, सासरा म्हणतो दिराला विचार, दीर आणखी कोणाला. सगळं घर फिरून होतं आणि तिची पिशवी खुंटीलाच. मला त्या संध्याकाळी त्या सुनेची चीड आली. एवढं विचारत फिरायचंच कशाला, निघायचं.

तेव्हा मी जे येतं ते केलं. परचा लिहिला. गुलाबी कागदावर छापून आणला. ‘सातवीच का?’ असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली साफ लिहिलं की सातवी म्हणजे इयत्ता नाही, सातवी म्हणजे पाळी. मुलगी मोठी झाली की तिचं दारात उभं राहणं तुम्हाला खटकतं, हे तोंडानं बोला, इयत्तेच्या आड लपू नका. आणि दोनच दिवसांमागे देवीची वर्गणी मागायला आलेले पोट सुटलेले, मिशा पिकलेले बाप्ये कितवीत होते, तेही सांगा. त्यांना कोणी दारातून परत पाठवलं का?

मजकूर आजही मला बरोबरच वाटतो. बहिणीनं गठ्ठा सोडला, एक वाचला, आणि तिचा चेहरा उतरला.

“हे गल्लीत वाटणार आहे तू?”

“हाव.”

“गल्लीत सातवीच्या वर गाणं म्हणणारी कोण आहे? मी एकटी. म्हंजे माह्या पाळीचं पोस्टर लावून राह्यली का तू?”

“त्यात लाजाचं काय आहे?”

“तुले नसन. मले गाणं म्हणू दे म्हणून सांगाचं होतं, तू भलतंच छापून आणलं.” तिनं गठ्ठा उचलला आणि मला परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या भुलाबाईच्या मागे गुलाबी पताका लागल्या होत्या. प्रत्येक परचा दोरीवर दुमडून, मजकूर आत घेऊन, कणकेच्या खळीनं गच्च चिकटवलेला.

परचा गेला, तोंड राहिलं होतं. मी पुन्हा काकूंकडे गेले आणि वर्गणीवाल्यांचं तोंडीच सांगितलं.

“ते मंडळाचे आहेत,” काकू म्हणाल्या.

“अन् ह्या भुलाबाईच्या आहेत.”

“कोपऱ्यावर पोट्टे उभे राह्यतात, दिसत नाही का तुले? मागच्या साली ह्या मोठ्या पोट्ट्या गाणे म्हणत निंगाल्या का मागून शिट्ट्या. काही झालं असतं तं तुह्या मायनं मलेच विचारलं असतं, तुम्ही बोलावता म्हणून जाते.”

“मग शिट्ट्या मारणारे घरी बसवा ना. त्यात तुमचाबी आहे.”

काकूंचा मुलगा अकरावीत. गाडीवर बसून कोपऱ्यावर असतो, हे सगळ्यांना दिसतं.

“तो शिट्ट्या नाही मारत,” काकू म्हणाल्या. “तो नुस्ता उभा राह्यते.”

“बरं.”

“बरं काय? आमाले पाचवीतच बंद केलं होतं. पाचवीत! मी दोन वर्सं वाढवूनच देल्ले ना? त्याचं नाही कोणाले काही.”

मी फाटक लावून घरी आले. आमच्या परच्यांत असं कोणी बोलत नाही.

अट लागू झाली. मुली रोज आधी आमच्याकडे यायच्या. स्वतःच्या घरात बहिणीला कोण अडवणार? तिथं ती पुढे म्हणायची. मग बाकीच्या समोर जायच्या आणि ही ओट्यावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसायची. पान काही उलटत नव्हतं.

तिच्यावाचून लहान मुलींना दोन सोपी गाणी यायची, तीच त्या रोज उरकायच्या. एक दिवस त्यांनी कोणाच्या तरी भावाचा स्पीकर आणला आणि मोबाईलवरून गाणं लावलं. काकूंनीच तो बंद करायला लावला. “मशिनीले खिरापत देऊ का मी? तोंडानं म्हणा. अन् आज ते सुनेचं म्हणा, मोठं. रोज रोज तेच दोन.”

दारं समोरासमोर आहेत, सगळं ऐकू येतं. मुलींनी सुरुवात केली. सासूला विचारलं. सासऱ्याला विचारलं. दिराला विचारलं. आणि थांबल्या. एकीनं शेजारणीला विचारून पाहिलं, बाकीच्या हसल्या. परत पहिल्यापासून. परत दिरापाशी येऊन गाडी बंद.

“काकू, तुम्ही सांगा ना पुढचं.”

“मले नाही येत पुढचं,” काकू म्हणाल्या. डबा मांडीवर होता. “तिथून पुढे मोठ्या पोट्ट्या म्हणत.”

बहिणीनं पुस्तक मिटलं. ओट्यावर उभी राहिली आणि केवढ्यानं तरी ओरडली, “जाऊ! जावेले विचारा!”

समोरून जाऊ आली. बहिणीनं पुढची ओळ सोडली, मुलींनी उचलली. ती रस्त्याच्या या बाजूला, त्या पलीकडे. मधून सोयाबीनची ट्रॉली गेली तेव्हा एक ओळ इंजिनात बुडाली. तिनं ट्रॉली जाऊ दिली आणि ती ओळ परत म्हटली. जावेनंतर नणंद, नणंदेनंतर नवरा. सून एकदाची माहेरी पोचली. कोपऱ्यावरून शिट्टी आलीच. बहिणीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंनी पाहिलं.

“तिथून काय वरडते?” काकू म्हणाल्या. “इकडे ये.”

“सातवीच्या वर आहे मी.”

“माईत आहे मले. ये.”

ती गेली. मीही गेले, फाटकापाशी उभी राहिले. काकूंनी डबा हलवला. आवाज नाही.

“शिरा!”

“नाही.”

“मलिदा! पेढा! पुरणपोळी!”

“एवढी काही पैशेवाली नाही मी. नाही.”

“गोड का तिखट?”

“गोड.”

सगळ्या हरल्या. काकूंनी झाकण काढलं. आत फडक्यात गुंडाळलेली सीताफळं.

“ओ काकू, हे तं चीटिंग आहे! फळ नसते चालत!”

“खाऊ म्हंजे खाऊ. घ्या.”

लहानींना वाटून झाल्यावर काकूंनी एक सीताफळ बहिणीपुढे धरलं. तिनं हात मागे घेतले.

“उद्या?” ती म्हणाली.

“उद्याचं उद्या पाहू.”

“मग उद्याच द्या.” आणि ती घरी आली. मला टाळी वाजवाविशी वाटली. आई म्हणाली, “घेतलं असतं तं काय झालं असतं? आधीच सीताफळ आणत नाहीत तुहे बाबा.” बहीण नीट जेवली, पण काकू काय ठरवतील ते तिला कळलेलं नव्हतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर काकूंनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवली. मांडीवर सूप, सुपात लसूण. मुलगा गाडीवरच होता.

“मा, इथं काऊन बसली?”

“हवा लागते इथं.”

“घरी पंखा आहे ना.”

“तो तू घेऊन बस.”

दुसरा एक पोट्टा दात काढून म्हणाला, “काकू, लसूण सोलू लागू का?”

“हाव, ये. बस खाली. हा पूर्ण गड्डा सोल.”

तो बसला नाही. थोड्या वेळात गाड्या चालू झाल्या आणि कोपरा मोकळा झाला. ते कुठं गेले माहीत नाही, दुसऱ्या कोपऱ्यावर गेले असतील. त्या कोपऱ्यावरही कोणाची तरी काकू राहते. भाभी दुकानातला स्टूल घेऊन आल्या आणि काज-बटणाचं काम तिथंच करत बसल्या.

“ओ नववी!” काकूंनी तिथूनच आवाज दिला. “पाहून काय राह्यली? सुरू कर.”

बहीण टिपऱ्या घेऊन निघाली ती कोजागिरीपर्यंत पुढे म्हणत राहिली. पण तो मेसेज ग्रुपवर तसाच होता. मी काकूंना म्हटलं, तो काढा, नाहीतर खाली लिहा की अट उठली. तोंडी उठलेली अट पुढच्या साली परत बसते, हे मला कामातून पक्कं माहीत आहे.

“तो गेला आता गुड मॉर्निंगच्या खाली.”

“तरी लिहा.”

“लसणाचे हात आहेत माहे.”

मग मीच लिहिलं. फुलं नाही, हात जोडलेले नाहीत. भुलाबाईला वयाची अट नाही, एवढंच. अंगठे पडले. पहिला आईचा. काकूंचा आला नाही, आणि मी रोज सकाळी उघडून पाहत होते.

संध्याकाळी खुर्चीवरून मात्र त्या विचारायच्या, “काय वं नववी, दिरानंतर कोण?”

“जाऊ, काकू. किती वेळा सांगू?”

“अन् तिच्यानंतर?”

बहिणीनं न घेतलेलं ते सीताफळ तेवढं काकूंनी डब्यात तसंच ठेवलं होतं. कोपऱ्यावर खुर्ची मांडली त्या पहिल्याच संध्याकाळी बहिणीला दिलं तेव्हा ते इतकं पिकलं होतं की हातातच फुटलं, आणि तिनं ते रस्त्यातच उभं राहून, बिया गटाराकडे थुंकत, सगळं खाल्लं. मला दिलं नाही.