कुडव्याच्या बारमधली चप्पल

२०१३ च्या दिवाळीत फाटकाशी उभं राहून मी आमच्या रेवाला विचारलं, "चाचणीत काय झालं?" पोरीने एका पायातली चप्पल काढली, आत डोकावून पाहिलं, दोनदा झटकली, पुन्हा पायात घातली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बरं झालं, बाबा." तिची आई हसून हसून बेजार.

त्या वर्षी निम्मा महाराष्ट्र हेच करत होता. टीव्हीवरचा विनोदी नट पिंट्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आधी चप्पलमध्ये शोधायचा. मी म्हणालो, "अगं, हे पिंट्याचं नाहीच मुळी! हे सुखदेवचं आहे."

"कोण सुखदेव? बाबा, काहीही फेकू नका."

झालं! मला खोटं ठरवलेलं चालतं, पण अर्धवट माहितीवर नाही. भाऊबीज आटोपली आणि मी गोंदियाची गाडी धरली.

थोडं मागचं सांगतो. २००२ च्या आसपास बियाण्यांच्या कंपनीत असताना माझी खोली गोंदियाजवळच्या कुडव्यात होती आणि खोलीमागेच एक बार. लाल दिवे, खडखडणारा कूलर, चखण्याला उकडलेली अंडी. भावी सेलिब्रिटींचा तिथे सुकाळ होता. एक भावी पार्श्वगायक होता, तो आता रेशन दुकान चालवतो. एक भावी आमदार होता, तो अजूनही भावीच आहे. शेजारच्या मुर्री गावचा सुखदेव मेश्राम मात्र कसलाच भावी नव्हता. चार महिने धान, उरलेले दिवस मजुरी आणि दिवाळीनंतर दंडारीत सोंगाड्या. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गावचं नाच-गाण्याचं नाटक. त्याला साधं "अंडं घेतो का?" विचारलं तरी आधी चप्पल निघायची. शेजारच्या टेबलावर मिक्सर विकणारा एक सडपातळ सेल्समन बसायचा. पीत कमी, बघत जास्त. तोच पिंट्या.

नागपूरहून सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारच्या आत गोंदियात पोचता. खिडकी डावीकडची धरा, कापलेल्या धानाचे ढीग आणि मधूनच चकाकणारे तलाव दिसतात. स्टेशनबाहेर गरम आलूबोंडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुडव्याला ऑटोवाला मागेल त्यातले दहा रुपये कमी करा, तो तयारच असतो. माझा ऑटोवाला वाटेत म्हणाला, "पिंट्याभाऊ का बार ना? मेरे ही ऑटो में आते थे." परतीच्या ऑटोवाल्यानेही हेच सांगितलं.

बार ओळखूच येईना. आता एसी, काचेचं दार आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पिंट्याचा हार घातलेला फोटो.

"शेठ, हार कायको? जिंदा है ना वो?"

"इज्जत है भैया," शेठ म्हणाला. "ये उसका टेबल. यहीं बैठ के चप्पल का आयडिया आया उसको."

"और सुखदेव?"

शेठ क्षणभर गडबडला. "वो तो ऐसा ही था. वो थोडी ना ॲक्टिंग करता था."

मी बिअर अर्धी सोडून उठलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

मुर्रीला सुखदेव अंगणात बाज विणत होता. केस पांढरे झालेले, बाकी तोच. "तुमी त बियानेवाले साहेब! काऊन आले जी?"

"तुलाच पाहायला. टीव्हीवर ते बघून राग येत नाही का रे?"

त्याचा हात पायाकडे गेला आणि मध्येच थांबला. "पाह्यलं? हात जाते. पन मी करत नाही आता. मागच्या मंडईच्या दंडारीत केलो, त पोट्टे वरडले, 'टीव्हीवाल्याची कापी!' माही चप्पल, माहा पाय, अन् मीच कापी." तो हसला, पण मला काही हसू आलं नाही. "उद्या कामठ्याले दंडार आहे. मंडळवाले म्हणतात, डुप्लिकेट म्हणून उभा राह्य, नाही त दुसरा सोंगाड्या आणतो. दंडारीबिगर मी कायचा जी?"

"मग काय करणार?"

"काय मालूम," तो म्हणाला आणि बाजेची दोरी ओढू लागला.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हाच या. पाहुणे, पाळणे, जिलेबी, तलावातले शिंगाडे. कामठ्याला जायला गोंदियाहून काळी-पिवळी जीप मिळते, पण मांडीवर कुणाचं तरी लेकरू घ्यायची तयारी ठेवा. दुपारी मैदान गच्च भरलं होतं. भोंग्यावर सारखं चालू होतं, "टीव्हीवाल्या पिंट्याचा डुप्लिकेट येऊन राहिला!" त्याने केलं तर तो कायमचा नकली, नाही केलं तर दंडारीतून बाद.

सुखदेव आला. अनवाणी.

दंडारीतल्या पाटलाने दरडावलं, "काय रे, माहा बैल कोठी गेला?" पोट्टे ओरडले, "चप्पल! चप्पल!" सुखदेवचा हात खाली गेला. त्याने उघडा तळवा चाचपला, उचलून पाहिला, पुन्हा चाचपला. मग त्याने मान वर केली.

"चप्पल मुंबईले गेली जी! आता मलेच सांगा लागते!"

आधी बायकांकडून हशा उठला, मग सगळं मैदान. माझ्या शेजारची म्हातारी सुनेला ढोसून सांगत होती, "हा त आपला सुखदेव होय. याचीच होय थे चप्पल!" मी वेड्यासारखा "वन्स मोर" ओरडत होतो आणि डोळे पुसत होतो. त्याला ते तीनदा करावं लागलं. भोंग्यावाला डुप्लिकेट म्हणायचं विसरून गेला.

खेळ संपल्यावर तो मंचामागे चपला घालत होता. मी विचारलं, "पुढच्या वर्षी आहेस ना?" त्याने एक चप्पल काढली, आत पाहिलं, दोनदा झटकली.

"पाहू," तो म्हणाला.

नागपूरला येऊन रेवाला सगळं सांगितलं, मोबाइलमधला सुखदेवचा फोटो दाखवला, शिंगाडे सोलून दिले. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पण बाबा, पिंट्याने टीव्हीवर त्याचं नाव का नाही सांगितलं?"

माझा हात आपसूक पायाकडे गेला. घरात आम्ही चप्पल घालत नाही.