नाव न घेता केलेली प्रार्थना

दुखण्यातून उठलेल्यांच्या, नोकरी लागलेल्यांच्या साक्षी आमच्या मंडळीत मी पुष्कळ ऐकल्या आहेत. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगत दोन-तीनदा उभी राहून मीही दिल्या आहेत. माझा आवाज भरून यायचा, बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि मला ते आवडायचं. ही साक्ष मात्र दोन वर्षं माझ्या घशात अडकून आहे, कारण हिच्यात मी कुठेच चांगली दिसत नाही.

जरीपटक्याकडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत पावाचा तुकडा नि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याची तयारी आदल्या दिवशी दुपारी मी आणि सुनंदा करायचो, गेली अकरा वर्षं. मागच्या खोलीत बसून पावाच्या कडा काढायच्या, बारीक तुकडे करायचे, काळ्या मनुका उकळून त्यांचा रस गाळायचा, इवलेसे पेले पुसून ठेवायचे. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, माझं बोलणं पुस्तकी. सुनंदा अस्सल नागपूरची, पोटात एक नि ओठात एक तिला जमतच नाही. हात कामात असले की माणूस मनातलं बोलतं. तिचं जवळजवळ सगळं मला ठाऊक होतं, माझं तिला.

अशाच एका शनिवारी तिनं सांगितलं, प्रतिभाचं, तिच्या लेकीचं, जमत आलंय. मनीषनगरचं घर, मुलगा इंजिनियर, माणसं देवभीरू. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिले लहानपणी फिट येत होत्या, तुले माहीत नाई. चार वर्षांपासून गोळ्यांवर एकदम बरी आहे. पुढच्या रविवारी आम्हीच जाऊन त्यायले सांगतो, डॉक्टरचे कागद दाखवतो. लपवाचं नाई आपल्याले. पण तोवर तू एकटी प्रार्थना कर वं. कोणाले बोलू नको." मी तिचा हात दाबून हो म्हटलं.

गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. ती तेव्हा मी चालवायची. जिला जो विषय असेल तो ती सांगते आणि मग सगळ्या मिळून प्रार्थना करतात. सुनंदा त्या दिवशी आली नव्हती. शेवटी मी म्हणाले, "आपल्यातल्या एका भगिनीच्या मुलीचं लग्न ठरतंय. तिला फिटचा आजार आहे. नाव घेत नाही, पण प्रभूला सगळं ठाऊक आहे." प्रभूलाच कशाला, खोलीतल्या चौदाही जणींना ठाऊक झालं, कारण मंडळीत त्या वेळी लग्न ठरत असलेली मुलगी एकच होती. आम्ही डोळे मिटले, मी फार सुंदर प्रार्थना केली. लोक नळावर कुटाळक्या करतात म्हणून आम्ही नाकं मुरडतो. आम्ही तेच करतो, फक्त शेवटी आमेन म्हणतो.

रविवार उजाडायच्या आत सुनंदाकडे मनीषनगरहून फोन आला, आम्हाला जमणार नाही. कारण न विचारताच कळलं. जे सुनंदा समोर बसून, मान ताठ ठेवून सांगणार होती, ते त्यांच्या कानावर आधीच पडलं होतं, आणि आता तिनं लपवलं असं झालं होतं.

पुढच्या महिन्यात पाव कापायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "मले समजलं कोणं सांगतलं ते. कमलनं. माझ्या नणंदेनं. घरचे सोडले तं ती अन् तू, दोघीलेच माहीत होतं. तू तर सांगणार नाईस. फोनवर असं बोलली मी तिले, का पुन्हा तिच्या दारात पाय नाई ठेवत." कमल खापरखेड्याला कॉलनीत एकटी राहते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. प्रतिभाला लहानपणी दवाखान्यात दाखल केलं की उशाशी हीच बसायची. हे सगळं त्या शनिवारी सुनंदानंच मला सांगितलं होतं. तरी मी म्हणाले, "जाऊ दे गं, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" आणि पाव कापत राहिले. हे लिहितानाही कानशिलं तापतात माझी.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, प्रत्येकानं आपलं मन तपासावं आणि मग घ्यावं. मी वर्षानुवर्षं त्या दोन मिनिटांत डोळे मिटून बसले आहे आणि खरं म्हणजे पेले पुरतील का याचाच विचार केला आहे. त्या दिवशी मात्र मी घाईघाईनं माफी मागितली, 'प्रभू, बोलण्याच्या ओघात चूक झाली.' एवढ्यानं भागेल असं वाटलं.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, पायांना भेगा, पूर्वी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात पुढं जातं. ते तिच्याकडे आलं. तिनं दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर पाहिलं आणि माझ्यापुढं केलं. तिला पद्धत माहीत नसेल असं वाटून मी हळूच म्हटलं, "आधी तुम्ही घ्या, आजी." ती चांगल्या मोठ्यानं म्हणाली, "नाई माय. जावेशी भांडून आली मी. माहीच चुकी होती. मिटवून येतो, मंग घेईन." पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिलं. म्हातारीला त्याचं काहीच नव्हतं.

ताट माझ्या हातात राहिलं. आमच्या एवढ्याशा मंडळीत तुकडा न उचलता ताट पुढं दिलं की सगळ्यांच्या नजरेत येतं, म्हणून आजवर मी कधी चुकवलं नव्हतं. 'माहीच चुकी होती.' तीन शब्दांत तिनं जे सांगितलं ते मला दोन मिनिटांच्या प्रार्थनेत सांगता आलं नव्हतं. मी ताट पुढं दिलं. उपासना संपल्यावर म्हातारीला शोधलं, ती निघून गेली होती. ती कुणाकडची, हे आजतागायत कुणी सांगू शकलं नाही. असेल कुणाची तरी पाहुणी. मला ती ज्यानं पाठवली त्याच्याबद्दल शंका नाही.

पेले धुताना सुनंदानं विचारलं, "तू काहून नाई घेतलं वं? तब्येत बरी नाई का?" मी म्हणाले, "कमलनं नाही सांगितलं. मी सांगितलं, गुरुवारच्या सभेत. प्रार्थनेच्या ओघात तोंडून गेलं." आणि बोलता बोलताच मला कळलं की हेही खोटं आहे. माझ्या लेकीला मागणी घालणारं घर आजवर दारात आलं नव्हतं. ती तेहतिशीची. सुनंदानं मनीषनगरचं सांगितलं तेव्हा मी तिचा हात दाबला आणि त्याच क्षणी माझ्या पोटात दुखलं. मग तेही सांगितलं. "ओघात नाही गेलं, सुनंदा. तुझ्या पोरीचं होतंय नि माझ्या पोरीचं नाही, यानं मी जळले. नाव घेतलं नाही तरी सगळ्यांना कळेल हे मला ठाऊक होतं. मला ते हवंच होतं." आवाज भरून आला नाही. कोरडाच होता.

 उरलेले पेले सुनंदानं एकेक करून धुतले, पालथे घातले, हात पुसले. मग फोन माझ्यापुढं धरला. "कमलले लाव. तू सांग. मी ऐकून राहिली." मी सांगितलं.  पलीकडून कमल एवढंच म्हणाली, "वहिनीले द्या." सुनंदा फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिथं थांबले नाही, तो रडण्याचा हक्क त्या दोघींचा होता.

पुढच्या गुरुवारी चौदाजणींपुढं मी तेच सांगितलं, आणि सभा चालवणं सोडलं. प्रतिभाचं मोडलेलं जमलं नाही. माझ्या कबुलीनं काही परत आलं नाही. पश्चात्ताप केला की सगळं जिथल्या तिथं जातं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. तसं होत नाही. पण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला दोष उचलून आपल्या डोक्यावर घेता येतो, तेवढं होतं. ते ओझं घेऊन प्रभूपुढं उभं राहावं आणि पुढचं त्याच्यावर सोडावं. माझी चतुराई संपली तिथं त्याची कृपा सुरू झाली, त्यासाठी मी रोज त्याचे आभार मानते.

सात महिने सुनंदा शनिवारी आली नाही. मी एकटीच पाव कापायची. आठव्या महिन्यात ती मनुकांची पुडी घेऊन दारात उभी राहिली, मग बसली आणि कडा काढू लागली. पहिला पाव संपल्यावर म्हणाली, "प्रतिभाले पाहाले येऊन राहिले उद्या. प्रार्थना करशीन?"

मी मान डोलावली.

"मनातल्या मनात कर," ती म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली, डोळे मिटले, आणि ओठही.